पहिल्या वेचणीचा पांढरा

पंडितनानांच्या शेजारी दुकान घेतलं तेव्हा पांढरा हा एकच रंग असतो, अशी माझी समजूत होती. माझं दुकान गाड्यांच्या सीट-कव्हरचं. रेक्झिन काळं, करडं, नाहीतर विटकरी. त्यापलीकडे रंगांशी माझा काही संबंध नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी रस्त्यावरच्या एका गाडीला सहज 'ती पांढरी' म्हणालो, तर नाना आपल्या गॅरेजमधून उठून माझ्या पायरीवर येऊन बसले आणि कोणती पांढरी ते विचारू लागले. मला वाटलं, नवा शेजारी म्हणून थट्टा करताहेत. चहा संपेपर्यंत कळलं की माणूस गंभीर आहे.

जळगावच्या महामार्गालगत आमची दुकानांची ओळ. एक टायरवाला, एक बॅटरीवाला, मी, आणि कोपऱ्यावर कडुलिंबाच्या झाडाखाली नानांचं डेंटिंग-पेंटिंग. नाना मूळचे शिंदखेड्याचे. हयात जळगावात गेली तरी बोली त्यांनी धुळ्याकडचीच ठेवली, आणि जळगावकरांना मराठी येत नाही असं त्यांचं पक्कं मत होतं. कामात त्यांची खासियत एकच, जुना दरवाजा. एखाद्याची गाडी ठोकली, दरवाजा पार चेपला, नवा परवडत नाही किंवा कंपनीने बनवायचाच बंद केला, तर नाना धुळ्याला भंगारवाल्यांकडे जात, त्याच जातीच्या गाडीचा जुना दरवाजा आणत, बसवत आणि त्याचा रंग गाडीच्या रंगाशी असा मिळवत की गाडीच्या मालकाने आपलंच डोकं खाजवावं.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही, हे मला त्यांच्या शेजारी बसून कळलं. दोन्ही गाड्यांचा रंग कारखान्यात एकाच नंबरचा असतो हे खरं. पण एक गाडी वर्षानुवर्षं गोठ्याच्या सावलीत उभी राहिलेली असते आणि दुसरीने खानदेशातले उन्हाळे उघड्यावर काढलेले असतात. "नंबर कारखानाना, रंग उन्हना," असं नाना म्हणायचे. त्यामुळे डब्यावरचा नंबर बघून रंग देणाऱ्याला ते रंगारी मानतच नसत. समोरची गाडी आज जशी आहे तसा रंग बनवायचा, थेंब थेंब पिवळा, काळा, निळा टाकत, हीच त्यांची रीत.

आणि पांढरे तर त्यांच्याकडे किती होते! दुधाचे दोन, म्हशीचा आणि गाईचा. कपाशीचे तीन. पहिल्या वेचणीचा पांढरा सगळ्यांत वरचा. शोरूममधून निघालेली गाडी तेवढीच. दुसऱ्या वेचणीचा, म्हणजे थोडी धूळ खाल्लेला. आणि शेवटचा फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावर शेतात राहून राहून कवडी पडलेल्या कापसाचा. एखादी गाडी वळण घेऊन आत येत असतानाच नाना 'फरदड' असं पुटपुटायचे आणि मालकाला वाटायचं, आपल्याला शिवी दिली.

रंग बनवायचा तो सकाळी, लिंबाच्या सावलीत. ऊन कललं की डबे बंद. ट्यूबलाइटखाली रंग बघणाऱ्याविषयी ते जे बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. आधी गाडी स्वतः धुवायची, शेजारचा पत्रा पॉलिशने घासून त्याच्यावरचं मळाचं पांघरूण काढायचं, मग पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारून तो वाळेपर्यंत गप्प बसायचं. ओला रंग खोटं बोलतो, वाळला की खरं सांगतो, असं त्यांचं म्हणणं. चंदेरी गाडीचा दरवाजा ते कधी आडवा ठेवून रंगवत नसत. गाडीला बसवून, उभ्यानेच. चंदेरी रंगातली चमक जशी बसेल तशी दिसते, झोपवून रंगवलेला दरवाजा उभा केला की परका वाटतो.

रंगाच्या या धंद्यात नाना पांढरा पायजमा आणि पांढरा सदरा घालत, आणि त्यावर डाग म्हणून कधी दिसला नाही. कपड्यांना नीळसुद्धा स्वतः देत. त्यांच्या पत्नी वत्सलाअक्का घरात बाकी सगळं बघत. पण निळीच्या बादलीला त्यांनी हात लावलेला नानांना खपत नसे. विनय नावाची चीज त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. आपल्यासारखा डोळा तापीच्या दोन्ही काठांना नाही, हे ते दिवसातून एकदा तरी सांगत आणि आम्ही ते ऐकून घेत, कारण ते खरं होतं आणि त्यातून आम्हाला कचोरी मिळायची.

कचोरीची गोष्ट अशी. गाडी तयार झाली की नाना गिऱ्हाइकाला हाताला धरून रस्त्यापलीकडे नेत. तिथून गाडी दाखवत आणि विचारत, "सांगा, माना दरवाजा कोनता शे?" त्यांनी बसवलेला दरवाजा ओळखला तर सगळं काम पुन्हा, फुकट. नाही ओळखला तर गिऱ्हाइकाने अख्ख्या ओळीला चहा-कचोरी द्यायची. माझी नानांशी ओळख झाल्यापासून कचोरी कधी चुकली नव्हती. टायरवाल्याने तर सकाळचा नाश्ता घरी करणं सोडून दिलं होतं.

एकदा चोपड्याकडच्या एका कुटुंबाने या परीक्षेसाठी खास आपल्या मामाला आणलं. या मामांची ख्याती अशी की त्यांनी घराण्यातल्या प्रत्येक सोयरिकीत आणि सौद्यात खोड काढली होती. मुलगी असो, बैल असो, नाहीतर प्लॉट. गाडी चंदेरी, नानांनी बसवलेला दरवाजा पुढचा डावा. मामा पलीकडे गेले, चष्मा पुसला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, खाली बसून बघितलं. मग मागच्या दरवाजाकडे बोट करून त्यांनी निकाल दिला. हा मारलेला आहे, ह्यात चमक कमी आहे, काम हलकं आहे. तो दरवाजा कारखान्यातून आलेला, आजवर कोणी हात न लावलेला होता. नाना कंपनीच्या कारागिराबद्दल हळहळले, आणि कचोरीबरोबर जिलेबीही मागवायला सांगितली.

असा हा माणूस. आणि अशा माणसाला एरंडोलच्या मंगलताईंनी पाडलं.

मंगलताई एका शाळेच्या मुख्याध्यापिका. गाडी पांढरी, पहिल्या वेचणीची. घरात झाकून ठेवलेली. बैलगाडीची दांडी लागून दरवाजा फाटला होता. नानांनी नेहमीप्रमाणे धुळ्याहून दरवाजा आणला, रंग केला, बाईंना पलीकडे नेलं. प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत बाई 'तो' म्हणाल्या आणि बरोबर दरवाजाकडे बोट केलं. आम्ही ओळीतले सगळे पायरीवर उभे होतो. आम्हालाही दिसत होता. नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा तो दरवाजा गाडीवर उठून दिसत होता.

नानांना वाटलं, बाईंना कोणी तरी आधीच सांगितलंय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी पाचावर धारण बसली. बोलीप्रमाणे त्यांनी दरवाजा पुन्हा रंगवला. पुढच्या आठवड्यात बाई आल्या, पलीकडे गेल्या, आणि या वेळी बोट न दाखवता पदर सारखा करत राहिल्या. त्या शोधत नव्हत्या, कसं सांगावं या विचारात होत्या. शेवटी म्हणाल्या, "नाना, राहू द्या. आहे तसं चालेल मला."

ओळखलं असतं तर एक वेळ नानांनी सहन केलं असतं. 'चालेल' हा शब्द त्यांना झोंबला. त्यांनी गाडी ठेवून घेतली, रंग फवारायची गन खिळ्याला अडकवली आणि त्या दिवसापासून रंगाचा डबा उघडला नाही. आलेल्या गिऱ्हाइकांना परत पाठवायचे. मला म्हणाले, पिवळ्याचे डबे भेसळीचे येताहेत. टायरवाल्याला सांगितलं, भंगारवाल्याने गंजलेला पत्रा गळ्यात मारला. बॅटरीवाल्यापाशी त्यांनी लिंबाच्या कोवळ्या पालवीतून पडणाऱ्या उजेडाला दोष दिला. दुपारभर बाईंच्या गाडीसमोर स्टुलावर बसून असायचे. आम्हाला सगळ्यांना कळत होतं की पत्र्याचं काही नाही, डोळ्याचं आहे. पण ज्याचा डोळा हीच ज्याची दौलत, त्याला हे सांगणार कोण? वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो.

अक्का रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. ठेंगणी, कमी बोलणारी बाई. एका दुपारी त्या डब्याबरोबर एक पिशवी घेऊन आल्या. पिशवीतून दोन पायजमे काढले आणि गॅरेजमधल्या दोरीवर शेजारी शेजारी वाळत घातल्यासारखे टाकले. एक मुलाच्या लग्नात शिवलेला, नंतर ट्रंकेत ठेवलेला; दुसरा रोजचा, नानांनी कालच नीळ दिलेला. मग त्यांनी नानांना हाताला धरून उठवलं आणि रस्त्यापलीकडे नेलं. नाना का कोण जाणे, मुकाट्याने गेले. मीही मागोमाग गेलो, कारण मला राहवलं नाही.

"सांगा," अक्का म्हणाल्या, "यामा कालदिनना कोनता शे?"

नानांनी बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. लिंबाखालच्या दोरीवर एक पायजमा पांढराशुभ्र होता आणि दुसरा जवळजवळ आकाशी. शाळेतून घरी चाललेली पोरंसुद्धा दोरीकडे बघून हसत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. आम्ही महिनोन्‌महिने त्या आकाशी कपड्यांतल्या नानांबरोबर चहा घेत होतो आणि पुरावा मात्र बाईंच्या दरवाजात शोधत होतो.

"दोन्ही सारखा शेतस," नाना म्हणाले. आणि मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मला तेव्हा तोंड लपवता आलं नाही. नानांना जे काही वाचायचं होतं ते त्यांनी वाचलं, आणि रस्ता ओलांडताना पहिल्यांदाच त्यांनी अक्कांचा हात धरला. मला फार वाईट वाटलं. घरी जाऊन मी जेवलो नाही.

डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायला मात्र ते तयार होईनात. मोतीबिंदू आहे हे एव्हाना ओळीतल्या प्रत्येकाने त्यांना सांगून झालं होतं. त्यांना ऑपरेशनची भीती नव्हती. भीती अशी की डोळ्यात जी काच बसवतील ती परकी असेल. तिच्यातून दिसेल तो रंग आपला कसा? आज निदान आपल्या डोळ्याने चुकतोय, उद्या दुसऱ्याच्या डोळ्याने बरोबर ठरलो तर त्यात आपलं काय? यावर उत्तर अक्कांनी दिलं. त्या डब्याचं झाकण लावत होत्या, मान वर न करता म्हणाल्या,

"जनमभर लोकेस्ना गाड्यास्ले दुसरास्ना दरवाजा बसाडात तुम्ही. आते आपला डोयाले नवी काच बसाडाले कसाले भ्यातस?"

नाना दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेले. मी बरोबर होतो. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी चित्र काढून दाखवलं की बुबुळामागची काच वयाने पिवळट, गढूळ झाली आहे. तिच्यातून निळा रंग पुरता आत येत नाही, म्हणून तो जास्त पडला तरी नानांना कळत नाही आणि हात टाकतच राहतो. नानांचा चेहरा एकदम उजळला. म्हणजे डोळा बिघडलेला नाही, फक्त काच बिघडली आहे, असं त्यांनी डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं. मग नवी काच कोणत्या रंगाची असते ते विचारलं. डॉक्टरांनी नमुन्याची काच दाखवली, तर हा गृहस्थ ती घेऊन खिडकीपाशी गेला. ट्यूबलाइटखाली बघायला ते काय अडाणी होते?

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली त्या दिवशी अक्का शेजारी बसल्या होत्या. नाना डोळा मिचकावत आधी भिंतीकडे, मग पंख्याकडे, मग अक्कांकडे बघत राहिले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "हाई जांभळं लुगडं कधी लिधं?" अक्का म्हणाल्या, दोन दिवाळ्यांपूर्वी तुम्हीच तर आणलं. दुकानदाराने फसवून मातकट गळ्यात मारलं, म्हणून नाना तेव्हा त्या दुकानदाराशी भांडूनही आले होते. एरवी कमी बोलणारी ती बाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की नर्सला आत यावं लागलं.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. डॉक्टरांनी कामाची परवानगी दिली तशी नानांनी सकाळीच स्टूल रस्त्याच्या कडेला टाकलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत बसले. थोड्या वेळाने त्यांनी कपाळाला हात लावला. एक गाडी गेली, तिचा मागचा दरवाजा निळसर. दुसरी गेली, तिचं मडगार्ड निळसर. आपली चूक अख्ख्या जिल्ह्यात फिरताना ते बघत होते. गिऱ्हाइकांनी भिडेपोटी बोट दुसरीकडे दाखवलं होतं आणि आम्ही कचोरीपोटी नीट बघितलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर आत जाऊन बसला असता. नानांनी मला हाक मारली, फोन काढायला लावला, आणि त्यांच्या ज्या ज्या गिऱ्हाइकांना मी सीट-कव्हर विकली होती त्या सगळ्यांना निरोप धाडायला सांगितलं की पंडितनानांनी आपला दरवाजा परत बोलावला आहे, पुन्हा करून देणार, पैसा नाही.

गाड्या आल्या. लिंबाखाली जागा पुरेना. लोक दरवाजा दाखवायला लागले की नाना त्यांना थांबवून म्हणायचे, मला सांगू नका, मला दिसतो. आणि मोठ्या रुबाबात जाऊन आपल्याच चुकीवर हात ठेवायचे. चूक सापडल्याचा असा अभिमान मी दुसऱ्या कोणात बघितला नाही.

मंगलताईंची गाडी त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतली. त्या रंगाला चार सकाळी लागल्या. पत्र्याचे तुकडे लिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवलेले, नाना नव्या डोळ्याने बघणार, मग तो झाकून जुन्या डोळ्याने बघणार, आणि दोन्ही डोळ्यांतल्या फरकावर स्वतःशीच हसणार. बाई आल्या त्या दिवशी ओळीतलं कोणीही आपल्या दुकानात नव्हतं. बाई पलीकडे उभ्या राहिल्या. नानांनी या वेळी प्रश्न विचारला नाही, नुसते हात मागे बांधून उभे राहिले.

बाईंनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. रस्ता ओलांडून जवळ आल्या, पुन्हा पलीकडे गेल्या. मग सावकाश बोट वर केलं आणि चुकीच्या दरवाजावर ठेवलं. टायरवाल्याने अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरची एक मोटारसायकल थांबली. बाईंना आपण हरलो याचा एवढा आनंद झालेला मी पाहिला की शाळेतल्या मुलांचा हेवा वाटला. कचोरीवर त्या थांबल्या नाहीत. पुढच्या रविवारी डबा भरून वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घेऊन आल्या, आणि आम्ही सगळे लिंबाखाली पंगतीने जेवलो. नानांनी पंगतीत तीनदा सांगितलं की आपल्यासारखा डोळा तापीच्या दोन्ही काठांना नाही. अक्का वाढता वाढता म्हणाल्या, एका काठाचा अजून बाकी आहे, तोही करून घ्या. तोही त्यांनी पुढे करून घेतला.

जिल्ह्यातला प्रत्येक निळसर दरवाजा पांढरा झाला. एक सोडून.

फैजपूरकडचे एक केळीचे बागायतदार होते, तुकारामभाऊ. निरोप मिळूनही ते येईनात, म्हणून नाना स्वतः त्यांच्या बागेवर गेले. भाऊंनी बसवून चहा दिला, खोडावरची ताजी केळी दिली, आणि दरवाजा देणार नाही म्हणून सांगितलं. "नाना, लग्नात जा, नाहीतर बाजारात जा, बठ्ठ्या गाड्या पांढऱ्या ऱ्हायतात. माही गाडी मले याच दरवाजानं सापडते. ऱ्हाऊ द्या." नानांनी विनवण्या केल्या, रागावले, नवा बंपर फुकट बसवून देतो म्हणाले. भाऊ हसत राहिले. तिथून परत आलेले नाना दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, जणू दरवाजा मीच अडवून ठेवला होता.

परवा धुळ्याला एका लग्नात गेलो होतो. माझ्याही ओळखीचं घर, नानांच्याही. कार्यालयाच्या मैदानात गाड्याच गाड्या, आणि भाऊ म्हणाले होते तशा खरोखर सगळ्या पांढऱ्या. अक्षता पडल्या, जेवणं झाली, नाना कुठे दिसेनात. अक्का आपल्या जांभळ्या लुगड्यात बायकांत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी मैदानाकडे नुसती मान हलवली.

नाना एका गाडीला पाठ लावून उभे होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना रामराम करत होते, विचारपूस करत होते, कोणी आत चला म्हटलं तर हवा चांगली आहे म्हणत होते. मी बाजूने जाऊन बघितलं. पाठीमागे तोच दरवाजा. भर उन्हात, पांढऱ्या सदऱ्यातला तो म्हातारा पूर्ण लग्नभर आपल्या अंगाने तो निळसर पत्रा झाकून उभा होता.

तेवढ्यात तुकारामभाऊ आले. काय चाललंय ते त्यांच्या लगेच ध्यानात आलं असावं, पण माणूस मोठ्या मनाचा. घरापर्यंत सोडतो म्हणाले, अक्कांना बोलावून मागे बसवलं, आणि नानांसाठी तोच दरवाजा उघडून धरला. नानांनी आधी नाही म्हटलं, मग दरवाजाकडे बघितलं, मग आत बसले. गाडी मैदानातून वळून रस्त्याला लागली तेव्हा काच पूर्ण खाली होती आणि नाना खिडकीतून अर्धे बाहेर आले होते. खांद्यावरचं पांढरंशुभ्र उपरणं त्यांनी दरवाजावर खालपर्यंत सोडलं होतं आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.